चौथा बुराक

कायतानने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं:
विंचचं ब्रॅकेट, तडकलेलं, तीनदा वेल्ड केलेलं.
पिशवी बेकरीच्या पिठाची, वास बांगड्याचा.
मासेमारीची बंदी उठायला नऊ दिवस,
कुटबणच्या धक्क्याला त्याची 'रोझारी' बांधलेली,
आणि विंच बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली.
ड्रॉइंग आहे का, विचारलं.
हसला. म्हणाला, "ड्रॉइंग म्हळ्यार हेंच."

मी धुतलं, घासलं,
पांढरी पावडर फवारली
(चकाकत्या धातूवर उजेड ठरत नाही),
ठिपक्यांच्या टिकल्या डकवल्या, फिरत्या पाटावर बसवलं.
फेस फासून न्हाव्यापुढे बसलेल्या पोरासारखं
मुकाट.

निळ्या पट्ट्या अंगावरून सरकल्या.
पडद्यावर चौदा लाख त्रिकोण.
वेल्डिंगचे थेंब, गंजाचे देवीसारखे वण,
कुणीतरी वैतागून घातलेला हातोडीचा एक घाव,
सगळं जसंच्या तसं.
आणि त्यातलं काहीच बदलता येत नाही.
एक कड दोन मिलिमीटर सरकव म्हटलं
तर कड म्हणजे काय हे त्रिकोणाला ठाऊक नसतं.
त्याला फक्त शेजारचे तिघे ठाऊक.

म्हणून पहिल्यापासून.
ही सपाटी. हा दंडगोल. ही गोलाई, बोटाएवढी.
मधलं छिद्र अडतीस पूर्णांक चार.
असलं माप कोण ठेवील?
मग लक्षात आलं, दीड इंच: अडतीस पूर्णांक एक.
उरलेले तीन दशांश शाफ्टने खाल्ले, इतकी वर्षं फिरून फिरून.
ते मी परत भरले.
जाडी बारा पूर्णांक दोन,
म्हणजे अर्धा इंच, वजा खारं पाणी.
केंकरे म्हणतात, विचार जरा कमी कर,
बिल तासावर आहे.

बोल्टांची भोकं चार.
तीन कोपऱ्यांवर चोख.
चौथं सव्वादोन मिलिमीटर आत, वर किंचित लांबट.
झीज, मी म्हटलं.
एक कळ दाबली, ते निमूट ओळीत आलं.
रंगांच्या नकाशात सगळीकडे हिरवं,
त्या एका कोपऱ्यात लाल, चिमटा काढल्यासारखं.
रिपोर्टात लिहिलं: दुरुस्त केलं आहे.

आधी प्लास्टिकमध्ये छापलं, बसवून बघायला.
धक्क्यावर डिझेलची साय, चिखल,
जाळी सांधत बसलेले ओडिशाचे खलाशी.
कायतानने तीन बोल्ट बोटांनीच फिरवले.
चौथा गेला नाही.
त्याने जोर केला नाही. माझ्याकडे बघितलं.
"तो बुराक सात्यू मेस्तान मारला, बाय. मुद्दाम.
बोट वांकडी, म्हणून बुराक वांकडो."

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात, बेतूलच्या तोंडाशी
रेतीच्या पट्टीवर चढली होती रोझारी.
विंचखालची फ्रेम पिळली. सरळ करायला पैसे नव्हते.
सात्यू डेकवर ओणवा झाला,
खडूने फुली केली, आणि हातड्रिलने
बोटीच्या चुकीला बसेल अशी चूक पाडली.
लांबटपणा तेवढा झिजेचा.
दोन्ही एकाच भोकात, एकात एक.
मशीनला दोन्ही सारखीच दिसली. मलाही.

"सात्यू खंय आसता?"
"ना आतां."

कुंडईला परतले तेव्हा आठ वाजले होते.
भोक पुन्हा गोल केलं. जागा नाही हलवली.
सव्वादोन आता वेगळं, सुटं माप:
उद्या कुणी बोट सरळ केलीच, तर शून्य टाकावं,
बाकी सगळं आपोआप जुळेल.
मापाला नाव लागतं.
सॉफ्टवेअरने दिलं होतं डी-सत्तेचाळीस.
खोडून मी टाइप केलं: सात्यू.
केंकऱ्यांनी चष्म्यावरून विचारलं, हा कुठला स्टँडर्ड?
म्हटलं, कुटबणचा.

एक ऑगस्टला फोन आला नाही, म्हणजे बसलं.
दोन तारखेला तीच पिठाची पिशवी आली,
या वेळी आत खरेच बांगडे,
आणि बिलातले पाचशे रुपये कमी.